यॉर्कमध्ये एवढं मोठं कॅथेड्रल असताना गल्लोगल्ली चाळीस चर्च कशाला होती?

मुळशीकर

नमस्कार मंडळी, इतिहासवाल्यांना एक प्रश्न आहे. लेक सध्या इंग्लंडमधल्या यॉर्कला शिकतेय, तिच्याकडे जाऊन आलो. मिन्स्टर म्हणजे तिथलं कॅथेड्रल, वर बघून बघून मान दुखते इतकं उंच, पण मला खटकलं ते वेगळंच. जुनं शहर तटबंदीच्या आत, रमतगमत तटावरून चाललात तरी दोन तासांत फेरी पूर्ण होते, आणि एवढ्याशा जागेत दोन वळणं घेतली की एक जुनं दगडी चर्च, परत दोन वळणं की अजून एक. गाइड म्हणाला की मध्ययुगात अशी चाळीसच्या आसपास पॅरिश चर्च, म्हणजे एकेका वस्तीची आपापली चर्च, होती, आणि पुढच्या ग्रुपला घेऊन निघूनच गेला.

तर एक, एवढं मोठं कॅथेड्रल उशाशी असताना लोक तिथे न जाता या छोट्या चर्चमध्ये का जायचे? दोन, चाळीस ठिकाणचा खर्च कोण करायचं? आणि तीन, रविवारची प्रार्थना सोडली तर तिथे नेमकं चालायचं काय? मला राजे-राण्या नकोत, साध्या माणसाचं सांगा, चांभार, खाटीक, विधवा बाई वगैरे.

लीड्सवासी

मुळात कॅथेड्रल रोजच्या माणसासाठी नव्हतंच हो. दार बंद होतं असं नाही, संत विल्यमच्या समाधीला नवस बोलायला, मोठ्या सणाला, मिरवणुकीला लोक जायचेच. पण मिन्स्टर म्हणजे आर्चबिशपची गादी, आणि कारभार डीन आणि कॅनन, म्हणजे वरच्या दर्जाच्या पाद्र्यांच्या मंडळाकडे. त्यातले बरेच कॅनन राजाच्या नोकरीत नाहीतर भलत्याच गावी, उत्पन्न मात्र यॉर्कचं खायचे. त्यांच्या वतीने गायला ३६ बदली पाद्री ठेवलेले, ते शेजारच्या बेडर्न नावाच्या आवारात एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे आणि दिवसरात्र ठरलेल्या वेळांना जाऊन प्रार्थना गायचे. तुम्ही आत ती पंधरा राजांच्या पुतळ्यांची दगडी भिंत बघितली असेल, पहिल्या विल्यमपासून सहाव्या हेन्रीपर्यंत, तिच्या पलीकडे हे सगळं गाणं चालायचं, म्हणजे अलीकडच्या माणसाला आवाज ऐकू यायचा पण दिसायचं काही नाही. आणि गंमत म्हणजे खुद्द मिन्स्टरच्या आवाराजवळ राहणाऱ्यांचंसुद्धा पॅरिश चर्च वेगळं, सेंट मायकल ल बेल्फ्री, मिन्स्टरला अगदी खेटून उभं आहे. पार्लमेंट दारूगोळ्याने उडवायच्या कटातल्या गाय फॉक्सचा बाप्तिस्मा १५७० मध्ये तिथेच झाला, मिन्स्टरमध्ये नाही.

आता चाळीस का. कुणी नकाशा मांडून "इथे एक, तिथे एक" असं ठरवलेलं नाही. दहाव्या ते बाराव्या शतकात ज्याच्याकडे जमीन आणि पैसा तो आपल्या वाड्याजवळ स्वतःचं चर्च बांधायचा. कॅसलगेटच्या सेंट मेरी चर्चमध्ये एक दगड सापडलाय, त्यावर बांधणाऱ्यांची नावं आहेत, ग्रिम आणि एसे, सरळ सरळ व्हायकिंग वळणाची नावं. पुढे चर्चचा कायदा घट्ट झाला, कुठल्या घराचा दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) कुणाला, कुणाला पुरायचं कुठे, हे हक्क ठरले आणि मग हद्दी गोठल्या. काही पॅरिश म्हणजे अक्षरशः दोन-तीन गल्ल्या. याच्या उलट सॉल्झबरी बघा, ते कॅथेड्रल आणि शहर १२२० मध्ये कोऱ्या जागेवर वसवलं, तिथे सगळ्या शहराला मिळून तीन पॅरिश. म्हणजे शहर जितकं जुनं आणि जितकं पैसेवालं तितकी खिचडी जास्त. नॉर्विचला तर पन्नासच्या वर होती.

लोकसंख्येचा अंदाज हवा असेल तर १३७७ च्या डोईपट्टीत यॉर्कची ७,२४८ माणसं धरलेली आहेत, १४ वर्षांवरची, भिकारी आणि पाद्री सोडून. पोरंबाळं मिळवून भागाकार करा, एका पॅरिशला सरासरी तीनशेच्या आसपास माणसं येतात. आणि तेही १३४९ च्या प्लेगने शहर झोडपून काढल्यानंतरचं.

दुपारची_झोप

थोडक्यात काय तर तीनशे माणसांमागे एक पाद्री पोसायचा, वर दशांश द्यायचा. गरीब लोकांच्या खिशातून पैसा उकळायचा पद्धतशीर धंदा, याला "पॅरिश लाइफ" असं गोंडस नाव दिलंय. बाकी चालू द्या.

पापडीकर

@दुपारची_झोप पैसा होताच, नाकारत कोण नाही, पण नुसतं "उकळणं" म्हटलं की विषय संपतो आणि कळत काहीच नाही.

मी वसईचा, आमच्याकडे अजून सगळं धर्मग्रामावरच चालतं, म्हणून हे वाचताना मला फार परकं वाटत नाही. कॅथेड्रल बिशपांचं, आमचं चर्च आमच्या धर्मग्रामाचं. लग्न ठरलं की आपल्या धर्मग्रामातून बाप्तिस्म्याचा दाखला आणायचा आणि लग्नाआधी रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, नावं पुकारली जातात, कुणाला हरकत असेल तर सांगा म्हणून. हा पुकारा सगळ्या चर्चला लागू केला तो पोपने भरवलेल्या १२१५ च्या लॅटरन परिषदेने. त्याच परिषदेने हेही ठरवलं की प्रत्येक मोठ्या माणसाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करायचं, आणि तेही *आपल्याच* पॅरिशच्या पाद्र्याकडे, आणि ईस्टरला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घ्यायचा. मुळशीकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. आवडेल त्या चर्चला जा असा प्रकारच नव्हता. तुम्ही कुठल्या गल्लीत राहता त्यावर तुमचा पाद्री ठरायचा, त्याला तुमची पापं माहीत आणि तुम्हाला त्याची.

आणि ख्रिस्तप्रसाद बहुतेक लोक वर्षातून एकदाच घ्यायचे हे आज आमच्याकडेसुद्धा कुणाला सांगितलं तर पटत नाही. बाकी रविवारी काय, तर वेदीवर पाद्री भाकर वर उचलतो तो क्षण बघायचा, त्यासाठी घंटा वाजायची. त्याशिवाय मिस्सा संपताना साधी आशीर्वाद दिलेली भाकर कापून वाटायचे, ती भाकर आळीपाळीने एकेका घराने आणायची. शांतीचं चुंबन म्हणून एक छोटी पाटी सगळीकडे फिरवायचे, ती आधी कुणी ओठाला लावायची यावरून मानपानाची भांडणं. माणसं कुठलीही असोत, मान म्हटला की आलंच.

लीड्सवासी

पापडीकर +१. आता दुसरा प्रश्न, खर्च.

चर्चची इमारत दोन भागांत वाटलेली. वेदीकडचा भाग सांभाळायची जबाबदारी रेक्टरची, म्हणजे पॅरिशचा दशांश ज्याच्या हक्काचा त्याची, लोक उभे राहतात तो मोठा भाग पॅरिशच्या लोकांची. मग छत गळलं, घंटेचा दोर तुटला, मेण संपलं, कपडे धुवायला टाकायचे, हे सगळं लोकांनी बघायचं, आणि त्यासाठी आपल्यातलेच दोन-चार चर्चवॉर्डन निवडायचे. वर्षाच्या शेवटी हिशोब द्यायचा. स्परिअरगेटच्या सेंट मायकल चर्चचे १५१८ ते १५४८ चे हिशोब शिल्लक आहेत, असे हिशोब वाचताना हाउसिंग सोसायटीचा खजिनदार आठवतो, अमक्याकडून भाडं आलं नाही, तमक्याला दुरुस्तीचे इतके दिले. भाडं अशासाठी की पॅरिशच्या मालकीची घरं असायची, लोक मृत्युपत्रात घर, दुकानाचं भाडं चर्चला लावून जायचे.

दशांशाचं म्हणाल तर गावाकडे सोपं, दहावी पेंढी उचलायची. शहरात चांभाराच्या नफ्याचा दहावा हिस्सा कसा मोजणार? मोजता यायचाच नाही नीट, आणि लोकांनाही ते माहीत होतं. म्हणून यॉर्कची मृत्युपत्रं काढली की एक ओळ हटकून सापडते, "विसरलेल्या दशांशापोटी मुख्य वेदीला इतके पेन्स". विसरलेल्या! मरताना हिशोब चुकता करून टाकायचा, उगाच वर जाऊन कटकट नको. माणूस मेला की पाद्र्याला चांगला झगा किंवा जनावर द्यायची रीतही होती, त्यावर लोक कुरकुरायचे. चर्चच्या आत पुरायचं तर वेगळे पैसे, अनेक ठिकाणी ६ शिलिंग ८ पेन्स, म्हणजे कसबी गवंड्याची साधारण दोन आठवड्यांची मजुरी. बाहेर आवारात पुरणं स्वस्त, आणि बहुतेक लोक तिथेच गेले.

@दुपारची_झोप तुमचं म्हणणं मला पूर्ण खोडायचं नाहीये. पण हेच लोक सक्तीच्या कितीतरी पलीकडे स्वतःहून द्यायचे, हे कसं समजून घ्यायचं? बायका आपला बरा झगा, जपमाळ, अंगठी मेरीच्या मूर्तीला ठेवून जायच्या, एखादा अमक्या संताच्या मूर्तीपुढच्या दिव्याला चार पेन्स, शहरातल्या चारही भिक्षुसंघांना थोडेथोडे. कुणी छळलं म्हणून माणूस एवढं बारीक बारीक लिहून ठेवत नाही. माझं मत असं की पॅरिशमध्ये माणसाला *नाव* मिळायचं. मेलेल्यांच्या नावांची यादी असायची, ती वेदीजवळून वाचली जायची, आणि पैसे दिले की तुमचं नाव तिच्यात. मिन्स्टरमध्ये तुम्ही कोण? गर्दीतले एक.

कोर्टकचेरी

तिसऱ्या प्रश्नावर मी बोलतो, कारण माझा धंदा वकिलीचा आणि यॉर्कच्या चर्च-कोर्टाचे कागद म्हणजे आमच्यासारख्यांना मेजवानी आहे. चौदाव्या शतकापासूनचे खटले तिथे विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठेवलेत, मुळशीकर तुमच्या लेकीला सांगा, बॉर्थविक इन्स्टिट्यूट, बरंचसं ऑनलाइन कॅटलॉगमध्येही आहे.

सगळ्यात रंगतदार खटले लग्नाचे. लग्न चर्चच्या दारात व्हायचं, आत नाही. दारात नवरा बायकोला काय देणार ते सगळ्यांसमोर बोलायचं, वचनं द्यायची, अंगठी, मग आत मिस्साला. पण ही झाली रीतसर पद्धत. चर्चच्या कायद्याप्रमाणे दोघांनी एकमेकांना वर्तमानकाळात "मी तुला नवरा म्हणून स्वीकारते", "मी तुला बायको म्हणून स्वीकारतो" एवढं म्हटलं की लग्न लागलं!! पाद्री नको, साक्षीदार नको, स्वयंपाकघरात म्हणा नाहीतर गोठ्यात. भविष्यकाळात "स्वीकारीन" म्हटलं तर नुसता साखरपुडा, पण त्यानंतर एकत्र झोपले की तेही लग्न. आता विचार करा, तो नंतर म्हणतो मी असं बोललोच नाही, ती म्हणते बोललास, आणि मग कोर्टात पाद्री, शेजारीण, मोलकरीण, मालक एकेक करून साक्षी देतायत, कोण कुठे उभं होतं, दिवा होता का, हातात हात होता का, नेमका कुठला शब्द उच्चारला. क्रियापदाच्या एका रूपावर आख्खा संसार. आमच्याकडे फौजदारीतसुद्धा इतकी बारीक उलटतपासणी होत नाही.

आणि यातून चांभार, खाटीक, नोकराणी यांचं जगणं कळतं जे मोठ्या इतिहासात कुठेच नाही. शहरात बाहेरगावाहून घरकामाला आलेल्या मुली बऱ्याच असायच्या, लग्न उशिरा आणि स्वतः ठरवून करणाऱ्या. आईबाप लांब, मग पाठीशी कोण, तर पॅरिशमधले शेजारी.

एक सांगतो, जन्म-लग्न-मृत्यूची रजिस्टरं मध्ययुगात नव्हतीच. ती आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये सक्तीची केली. त्याआधी वय सिद्ध करायचं तर साक्षीदार आणायचे की "हो, हिचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी माझा मुलगा वारला होता, मला आठवतंय".

मुळशीकर

वा वा, जाम भारी, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कोर्टकचेरी साहेब, लेकीला लिंक पाठवली, ती इंजिनिअरिंगची आहे पण बघते म्हणाली.

अजून एक. गुड्रमगेटला एका चर्चच्या समोर रस्त्यावर जुनी लाकडी बुटकी घरांची ओळ आहे, खाली दुकानं. ती घरं चर्चच्या आवारातच घुसल्यासारखी दिसतात, ती कशी काय? अतिक्रमण म्हणावं तर फारच जुनं दिसतंय 😄

लीड्सवासी

अतिक्रमण नाही हो, ती लेडी रो, आणि चर्चनेच बांधलीये! होली ट्रिनिटी, गुड्रमगेट. १३१६ च्या सुमाराची घरं, मुद्दाम चर्चच्या आवाराच्या रस्त्याकडच्या पट्टीवर बांधली, भाडं यायचं ते मेरीच्या वेदीवरच्या चँट्रीला. चँट्री म्हणजे मेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी रोज मिस्सा म्हणायला नेमलेला पाद्री आणि त्याच्या पोटापाण्याची सोय. समजूत अशी की आत्मा सरळ स्वर्गात जात नाही, शुद्धिस्थानात तापून निघतो, आणि इथल्या जिवंत लोकांच्या प्रार्थनेने तो काळ कमी होतो. म्हणजे तुमच्या पणज्याची सुटका तुमच्या हातात. यॉर्कमधल्या लहानसहान चर्चमध्येही अशा चँट्री होत्या, आणि मिन्स्टरमध्ये तर इतक्या की तिथल्या चँट्री-पाद्र्यांना राहायला १४६१ मध्ये सेंट विल्यम्स कॉलेज काढलं, ती लाकडी इमारत मिन्स्टरच्या मागेच आहे. या पाद्र्यांना फावल्या वेळात गल्लीतल्या पोरांना अक्षरं शिकवणं, मृत्युपत्र लिहून देणं हीही कामं असायची.

आणि परत गेलात तर एकच चर्च बघा, नदीपलीकडचं ऑल सेंट्स नॉर्थ स्ट्रीट. चामडं कमावणाऱ्यांची वस्ती होती ती, वासाची कल्पना करा. तिथली काच बघून मी तासभर खिळून राहिलो. एक खिडकी साधारण १४१० ची, जगाचे शेवटचे पंधरा दिवस, पंधरा चौकटी. पहिल्या दिवशी समुद्र वर चढतो, मग खाली जातो, मग मासे आणि राक्षसी जलचर वर येतात, समुद्र पेटतो, झाडांतून रक्त गळतं, भूकंप, माणसं बिळांत लपतात, थडग्यातली हाडं उठतात, तारे पडतात, शेवटी सगळं जळून जातं. आणि चौकटींखाली मजकूर लॅटिनमध्ये नाही, तिकडच्या उत्तरेच्या इंग्रजीत आहे, म्हणजे चांभाराच्या शेजारी उभा असलेला थोडंफार वाचता येणारा कुणीतरी त्याला वाचून दाखवू शकत होता. खाली कोपऱ्यात पैसे देणारी कुटुंबं गुडघे टेकून बसलेली.

शेजारच्या खिडकीत एक दाढीवाला सधन माणूस भुकेल्याला भाकर देतोय, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडे, आजाऱ्याच्या खाटेजवळ उभा आहे, खोड्यात पाय अडकवलेल्या कैद्यांना भेटतोय. निकोलस ब्लॅकबर्न नावाचा व्यापारी, १४१२ चा मेयर, तोच हा असं मानतात, कारण त्याच्या घराण्याने हे चर्च सजवलं. सातवं सत्कर्म म्हणजे मेलेल्याला पुरणं, ते खिडकीत नाहीये. सहाच आहेत.

हो आणि याच चर्चला चिकटून एक बाई स्वतःला कोंडून घेऊन राहायची, एमा रॉटन, एकांतव्रती. तिचे दृष्टान्त थेट वॉरिकच्या अर्लपर्यंत, म्हणजे बड्या सरदारापर्यंत, पोचले होते. चामड्याच्या वासातल्या गल्लीतली बाई, आणि राजकारणात तिच्या शब्दाला वजन.

दुपारची_झोप

बरं, मान्य, नुसता धंदा नव्हता. पण मग एवढं सगळं गेलं कुठे? लोकांना इतकं प्रिय होतं तर मोडताना कुणी काही बोललं नाही?

लीड्सवासी

बोलले की. आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली आणि १५३६ मध्ये मठ बंद करायला लागले तेव्हा उत्तरेत मोठं बंड झालं, रॉबर्ट आस्क हजारो लोक घेऊन यॉर्कमध्ये शिरला होता, आणि पुढच्या वर्षी त्याला यॉर्कमध्येच फाशी दिली. त्यानंतर कोण आवाज काढणार. १५४७ च्या कायद्याने चँट्री बंद, मेलेल्यांसाठी मिस्सा बंद, घरं-भाडी सरकारजमा. मूर्ती काढल्या, भिंतींना चुना फासला. आणि त्याच वर्षी यॉर्कसाठी वेगळा कायदा, छोटी पॅरिश एकमेकांत मिसळायची. कारण तोवर शहराला उतरती कळा लागली होती, कापडाचा धंदा गेलेला, माणसं कमी, एकेका पाद्र्याला पोट भरायला उत्पन्न नाही. अंमल मात्र १५८६ मध्ये झाला आणि डझनाहून जास्त चर्च बाद झाली. मला विचाराल तर धर्मसुधारणेइतकाच हात या दारिद्र्याचाही आहे, पण पुस्तकांत राजाचं नाव मोठं येतं.

काच वाचली त्याचं श्रेय थोडं सेनापती थॉमस फेअरफॅक्सला, राजा विरुद्ध पार्लमेंट यादवीत १६४४ मध्ये शहर पार्लमेंटच्या फौजेच्या ताब्यात आलं तेव्हा तो यॉर्कशरचाच असल्यामुळे त्याने मोडतोड होऊ दिली नाही. आज वीसेक मध्ययुगीन पॅरिश चर्च उभी आहेत, काहींत प्रार्थना होते, बाकीची इतर कामांना लागली, सेंट मायकल स्परिअरगेटमध्ये कॅफे झालं, वॉमगेटच्या सेंट मार्गारेटमध्ये जुन्या संगीताच्या मैफली होतात.

पिठलंभाकरी

उशिरा आले, पण नाटकांचं कुणीच बोललं नाही?? पॅरिशइतकंच गिल्डचं, म्हणजे एकेका धंद्याच्या संघटनेचं, होतं शहर, दोन्हींत माणसं तीच. कॉर्पस ख्रिस्तीच्या (ख्रिस्ताच्या देहाच्या) सणाला, मे-जून, सृष्टीच्या निर्मितीपासून शेवटच्या न्यायापर्यंत पन्नासच्या आसपास छोटी नाटकं, प्रत्येक नाटक एका धंद्याच्या गिल्डचं, चाकाच्या गाड्यांवर. १३७६ पासून उल्लेख सापडतो. पहाटे साडेचारला सुरुवात, मिकलगेटपासून निघून ठरलेल्या थांब्यांवर तेच तेच करत अंधार पडेपर्यंत. नोआची नाव बांधायचं नाटक जहाज बांधणाऱ्यांचं, शेवटचं भोजन बेकरीवाल्यांचं, आणि क्रुसावर खिळण्याचं कुणाचं, तर खिळे करणाऱ्यांचं! त्यात चार शिपाई कुरकुरतायत की भोकं चुकीच्या जागी पाडलीत, हात पोचत नाही, मग दोरीने ओढून बसवतात, अगदी कामगारांच्या भाषेत. येशू मधे काही बोलेपर्यंत प्रेक्षक त्या भोकांचाच विचार करत असणार. न्यायनिवाड्याचं शेवटचं नाटक मर्सर म्हणजे बड्या व्यापाऱ्यांकडे, खर्चिक असायचं ना. आणि गाड्या थांबायच्या ते थांबे पैसे देऊन आपल्या दारासमोर घेता यायचे, म्हणजे दारात नाटक, वर खिडकीत पाहुणे.

१५६९ ला शेवटचा प्रयोग, नंतर चर्चवाल्यांनी बंदच पाडलं. १९५१ मध्ये पुन्हा सुरू केलं, आणि आता गिल्डवाले गाड्यांवर करतात तेही साधारण चार वर्षांतून एकदा. मुळशीकर, लेक तिथे आहे तोवर तारखा बघा आणि मगच विमानाचं तिकीट काढा.